सावलीत सोलर इन्व्हर्टरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज मिळेल असा व्होल्टेज शोधणारा भाग) अडकतोय का? मदत हवी आहे

गच्चीवर 3 किलोवॅटचा ऑनग्रिड इन्व्हर्टर, 540 वॅटची सहा सोलर पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेली). तीननंतर टाकीची सावली दोन पॅनलांवर येते आणि वीज निम्म्याहून खाली जाते. पॅनल धुतली, कनेक्टर तपासले. सकाळी सगळं ठणठणीत. टाकी हलणार नाही, सोसायटीला विचारून झालंय!

बायपास डायोड (सावलीतल्या पॅनलला वगळून करंट पुढे नेणारे) चालू झाल्यावर व्होल्टेज साधारण 245वरून 160वर यायला हवा ना? डिस्प्लेवर तो 240च्या आसपासच राहतो, म्हणजे एमपीपीटी चुकीच्या शिखरावर (कमी वीज देणाऱ्या व्होल्टेजवर) बसलाय असा संशय. शॅडो स्कॅन (सगळे व्होल्टेज तपासून खरं शिखर शोधणारी सेटिंग) बंद आहे, इन्स्टॉलर पासवर्ड देईल. दुसरा एमपीपीटी मोकळा आहे, पण तो 120 व्होल्टला सुरू होतो. दोनच पॅनल तिथे पुरणार नाहीत.

स्कॅन चालू करून भागेल, की तीन-तीनच्या दोन स्ट्रिंग कराव्यात?