धान कापल्यावर बांधीत (भातखाचरात) पक्ष्यांसाठी पाणी ठेवावं का?

पाणलावा:
परवा गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधजवळ एका कापलेल्या बांधीच्या कडेला दोन तास बसलो. घोट्याइतकं पाणी उरलं होतं. ठिपकेवाल्या तुताऱ्या, पाणलावे, धोबी असे पक्षी मोजता मोजता थकलो. शेजारच्या कोरड्या बांध्यांत चिटपाखरू नाही. तलवार बदकं तर दिवसा तलावात झोपा काढतात आणि अंधारात सांडलेल्या धानावर उतरतात. भातखाचरं म्हणजे पाणथळच, हे पाणथळ जागा जपण्यासाठीच्या रामसर करारातल्या देशांनी २००८ च्या ठरावात मान्य केलंय. मग खोलगट बांध्यांत जानेवारीपर्यंत पाणी ठेवायला हरकत काय?

धुऱ्यावरचा:
हरकत लाखोरीची आहे भाऊ. धान उभं असतानाच ओल्या चिखलात आम्ही लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, फेकतो. पाणी साचू दिलं की सडली. तुम्ही पाखरं मोजून घरी जाल, डाळ आम्हाला विकत आणावी लागेल. आणि पाणी कोणाचं? तलावाचं पाणी आम्हालाच पाळीनं मिळते, त्यात पाखरांची पाळी कोण लावणार? सारस धानात घरटं करतो तेव्हा तेवढा तुकडा आम्ही सोडतोच, फोटो न काढता. पण ते एक घरटं झालं, पूर्ण बांधी नाही.

सॅक्रामेंटोकर:
इथे कॅलिफोर्नियातही भातशेतात पाणी ठेवणं पक्षिप्रेमातून सुरू झालं नाही. १९९१ च्या कायद्याने तणस (भाताचा पेंढा) जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंधनं आली, म्हणून ते कुजवायला शेतकरी हिवाळ्यात पाणी सोडू लागले. बदकं-हंस आपणहून आले, वर तणस तुडवून कुजायला मदतच करतात. २०१४ पासून नेचर कन्झर्व्हन्सी ही संस्था पक्ष्यांसाठी शेतकऱ्यांकडून बोली मागवते: इतके आठवडे पाणी ठेवायचे किती घ्याल? दुष्काळात मात्र सगळंच आखडतं.

गाळपेर:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथल्या भातपट्ट्यातल्या, म्हणजे सेंट्रल व्हॅलीतल्या मूळ पाणथळींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गेल्या, म्हणून पक्षी भातावर आले. आपल्याकडे तलाव अजून आहेत! त्यातली बेशरमाची झुडपं उपटा, देवधान (रानटी भात) वाढू द्या. शेतात फवारणी असते, आणि पाण्याखाली तणस कुजला की हवा तापवणारा मिथेन वायू सुटतो, तो वेगळाच.

पाणलावा:
तलाव हवेतच. पण तुतारीला बोट-दोन बोटं पाणी लागतं, भरल्या तलावात ती उभी कुठे राहणार? लाखोरीचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उन्हाळी धानासाठी राखलेल्या, लाखोरी नसलेल्या बांध्या चालतील?

धुऱ्यावरचा:
तशा माझ्याच दोन आहेत. एकरी काय देता ते आधी बोला. अन् धुरा (बांध) फुटला तर बुजवायला कोण येईल, तेही.