कोयनेत बुडालेली वाडी जुन्या टोपोशीटवर सापडेल का?

कोयनाकाठ: आमची आजी जावळी तालुक्यातली. तापोळ्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी त्यांची पंधरा-वीस घरांची वाडी होती, धरण झालं तेव्हा सगळे उठून रायगड जिल्ह्यात आले. आता ती 84 वर्षांची आहे आणि रोज वाडीचंच काढते, ओढा, देवराई, उंबराखालचा पार... गूगलवर बघावं तर नुसतं निळं पाणी. जुन्या नकाशात वाडी असेल का? आणि नेमकी जागा कशी काढायची?

घाटवाट: असायला हवी. सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंचाला एक मैलवाले जुने शीट शोधा, 47 जी या नंबरच्या गटातले. तापोळ्याचा भाग बरोबर चार शीटांच्या कोपऱ्यात येतो त्यामुळे 9, 10, 13, 14 चारही घ्या, एकावर भागणार नाही. वासोटा किल्ला 10 वर आहे. आवृत्ती मात्र 1960 च्या आधीचीच हवी, नंतरच्या 1:50,000 वाल्यात सरळ तलाव दाखवलाय. आणि नावं वाचताना इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका हो, मोठ्यानं वाचून आजींना ऐकवा, त्या पटकन ओळखतील.

जुनीवाट: वरच्याला जोडून सांगतो. त्या शीटवर उंची फुटात आहे आणि कोयनेची पातळी पेपरात अजूनही फुटातच येते, भरलं की 2163 च्या आसपास. म्हणजे 2150 ची कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) पेन्सिलनं गिरवा, तिच्या आतलं सगळं पाण्याखाली. मी असं केलं तेव्हा पायवाटा, ओढे, भाताची खाचरं असलेली अख्खी खोरी डोळ्यासमोर आली, रडूच आलं खरं सांगायचं तर. वाडी कंटूरच्या जवळ असेल तर मे महिन्यात पाणी उतरल्यावर जागा उघडी पडू शकते.

घाटवाट: हो, आणि गूगल अर्थवर नकाशा बसवताना काठाच्या खुणा धरू नका, काठच बदललाय. वासोट्याचा माथा, डोंगराची टोकं, सोंडा असल्या न हललेल्या तीन-चार जागा धरा. जुन्या नकाशाचं अक्षांश-रेखांशाचं गणितही वेगळं, नुसते आकडे टाकले तर खूण बाजूला सरकते.

कोयनाकाठ: खूप आभार दोघांचे. आजीला आत्ताच विचारलं, म्हणते ओढा घराच्या उगवतीला होता आणि समोर वासोटा दिसायचा. शीट मिळालं की आधी तिच्या पुढ्यात पसरतो.