समुपदेशकाची खोली कुठे आहे?
महाविद्यालयांत समुपदेशक हवेतच, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचनांनी १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना अशी नेमणूक बंधनकारकच केली आहे. मात्र मी शिकवत होते त्या महाविद्यालयात समुपदेशकांची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून होती आणि दाराशी शिपाई येणाऱ्याचे नाव व वर्ग लिहून घेत असे, त्यामुळे वर्षभरात त्या वहीचे पहिले पानही भरले नाही. खोली ग्रंथालयामागे हलवली, वही बंद केली, तेव्हा कुठे मुले येऊ लागली. ज्यांना तेवढाही धीर होत नाही, त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहात ठळकपणे लावावा, असेही त्याच सूचनांत आहे; तिथे मराठीतून, विनामूल्य, रात्रीबेरात्रीही बोलता येते.