काबूलमधील शिक्षकाचा पगार नेमका का थांबला?

खडकवासला यांचा प्रश्न:

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या खोलीत एक अफगाण विद्यार्थी भाड्याने राहत असे. त्याचे वडील काबूलमध्ये सरकारी शाळेत शिक्षक होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले आणि वडिलांचा पगार बंद झाला, तो पुढे कित्येक महिने मिळालाच नाही. परकीय फौजा निघून गेल्यावर सुरक्षा ढासळावी हे समजण्यासारखे आहे. परंतु शाळा, हजेरीपट आणि शिक्षक जागच्या जागी असताना पगारही तत्काळ थांबावा, हे मला उलगडत नाही. वीस वर्षे एवढी मदत ओतली गेली, तरी मास्तरांचा पगार देण्याइतके सरकारही उभे राहिले नाही का?

जुना हिशेबनीस यांचे उत्तर:

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की तो पगार मुळात अफगाण करदात्याच्या पैशातून होतच नव्हता. २००२ पासून जागतिक बँकेच्या देखरेखीखाली एक पुनर्उभारणी निधी चालत होता. देणगीदार देश त्यात पैसे भरत आणि त्यातून शिक्षकांच्या वेतनासह सरकारच्या नेहमीच्या खर्चाची भरपाई होई. जागतिक बँकेच्याच अंदाजानुसार सत्तांतरापूर्वी सार्वजनिक खर्चाचा सुमारे ७५ टक्के भाग परकीय अनुदानावर चालला होता. तालिबान येताच ही अनुदाने थांबली आणि मध्यवर्ती बँकेची अमेरिकेत ठेवलेली सुमारे ७ अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

तरीही या निधीतला पैसा निदान सरकारी खजिन्यातून जात होता. मदतीचा फार मोठा भाग त्या खजिन्याला वळसा घालून कंत्राटदार, त्यांचे उपकंत्राटदार आणि खासगी संस्था यांच्याकडे जाई. परकीय प्रकल्पावरच्या वाहनचालकाला किंवा दुभाष्याला मंत्रालयातल्या अभियंत्यापेक्षा अधिक वेतन मिळत असल्याने चांगली माणसे मंत्रालय सोडत, आणि मग मंत्रालयाला काम जमत नाही म्हणून आणखी पैसा बाहेरूनच खर्च होई. आपल्याकडे मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून जी घाई होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते, एवढाच फरक. अफगाण हवाई दलासाठी सुमारे ५५ कोटी डॉलर खर्चून इटालियन बनावटीची २० मालवाहू विमाने घेतली गेली आणि त्यांतील १६ पुढे ३२ हजार डॉलरला भंगारात निघाली. खर्च झाला की काम झाले, असा तो हिशेब होता.

कृष्णाकाठ यांचे उत्तर:

वीस वर्षे म्हणणे अपुरे आहे. हेलमंद खोऱ्यात अमेरिकी कंपनी १९४६ मध्येच धरणे आणि कालवे बांधण्यास गेली होती, आणि १९५३ मध्ये कजाकी धरण पूर्ण झाले. पाणी आले, पण निचऱ्याकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळे बऱ्याच जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसकऱ्याला हे चित्र परके वाटणार नाही.

त्याच कजाकीवर तिसरे जनित्र बसवायचे होते. सप्टेंबर २००८ मध्ये काही हजार सैनिकांच्या संरक्षणात, शंभराच्या आसपास वाहनांच्या तांड्याने, त्याचे अवजड भाग कंदहारकडून धरणावर नेले गेले. पराक्रम म्हणून त्याचे कौतुक झाले. मात्र ते बसवण्यासाठी लागणारे सिमेंट त्या रस्त्याने सुरक्षितपणे पोहोचवता येईना, आणि जनित्राचे भाग वर्षानुवर्षे तेथेच पडून राहिले. ते बसले २०१६ मध्ये. रस्त्यावर ज्या सरकारची सत्ता नाही, त्याच्या धरणावर यंत्र नेऊन ठेवले की वीज येते, ही समजूत कोणाची होती, हा खरा प्रश्न आहे.

दवाखाना यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरांशी मी पूर्णपणे सहमत नाही. विमाने आणि जनित्रे यांवर सगळ्या मदतीची परीक्षा करणे अन्यायाचे आहे. २००३ पासून अफगाण आरोग्य मंत्रालयाने प्राथमिक सेवांची यादी ठरवली आणि बहुतेक प्रांतांत दवाखाने चालवण्याचे काम करार करून स्वयंसेवी संस्थांना दिले. बालमृत्यू त्यानंतर घटत गेले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ग्रामविकास कार्यक्रमात गावाने परिषद निवडायची, विहीर हवी की रस्ता हे स्वतः ठरवायचे आणि त्यासाठी ठरावीक अनुदान घ्यायचे, अशी रीत होती.

आता हिशेबनीसांना एक विचारतो. सरकारच्या खजिन्याला वळसा घातला म्हणून राज्य दुबळे राहिले, असे आपण म्हणता. पण २०२१ नंतर शिक्षकाचा पगार थांबला तो खजिन्यातून जात होता म्हणूनच; दवाखाने संस्थांच्या हाती होते, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत त्यांना पैसा पोहोचवता आला आणि त्यांतले बरेच चालू राहिले. याची संगती आपण कशी लावता?

जुना हिशेबनीस:

आपला आक्षेप मला मान्य करावा लागेल. मात्र दवाखाने वाचले तेही दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊनच. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली विकास मदत संस्था गुंडाळली, तेव्हा अफगाणिस्तानातील शेकडो आरोग्य केंद्रे बंद पडली. खजिन्यातून दिले तर सत्तांतराबरोबर थांबते, आणि बाहेरून दिले तर देणाऱ्याच्या निवडणुकीबरोबर.

खडकवासला:

सर्वांचा आभारी आहे. त्या मुलाने नंतर कळवले होते की २०२२ च्या सुरुवातीला वडिलांना युनिसेफकडून दोन महिने, महिना १०० डॉलरप्रमाणे मानधन मिळाले. ते कोणत्या खात्यातून आले, हे त्यांनी विचारले नाही. साचलेले घरभाडे मात्र त्यातूनच फेडले.