व्हॅन गॉगचे लांबुळके कॅनव्हास: जादू मापाची की रंगाची?

कोराकागद: व्हॅन गॉग १८९० च्या मे महिन्यात पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी राहायला आला आणि जुलैअखेर वारला, त्या शेवटच्या दिवसांत त्याने साधारण ५० बाय १०० सेंमीचे कॅनव्हास हाताशी धरले, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद. माझं ठाम मत आहे की गव्हाचं शेत आणि कावळे हे चित्र अंगावर येतं ते या मापामुळे. त्यात तीन वाटा आहेत, दोन डाव्या-उजव्या कडेने चित्राबाहेर निघून जातात आणि मधली गव्हात शिरून तिथेच संपते. नेहमीच्या चौकटीत कडेच्या वाटा कापल्या गेल्या असत्या, मग मधलीचं संपणं इतकं लागलं असतं का?

गेरूमाती: मापाला फार श्रेय देताय. त्याच्या आधीच्या पिढीतला चित्रकार दोबिन्यी त्याच ओव्हेरचा, होडीत स्टुडिओ थाटून नदीवरनं चित्रं काढायचा आणि असे दुप्पट रुंद कॅनव्हास त्याने कितीतरी आधी वापरलेत. व्हॅन गॉगला तो इतका आवडायचा की दोबिन्यीच्या बागेचं चित्रही त्याने याच मापात केलं. पण दोबिन्यीची नदी बघून मन शांत होतं, कावळ्यांच्या चित्राने घालमेल होते. माप तेच, परिणाम उलटा, मग काम कुणी केलं? त्या निळ्याकाळ्या आभाळाने आणि जाड फटकाऱ्यांनीच ना.

भरतीओहोटी: गेरूमातीला +१. आणि नुसत्या रुंदीनेच भारायचं असेल तर नेदरलँड्समधल्या हेगमधला, चित्रकार मेसदाखचा १८८१ चा पॅनोरामा, म्हणजे गोल फिरणारं भलंमोठं चित्र, बघा, १४ मीटर उंच, जवळपास १२० मीटर लांब, मधोमध उभं राहायचं आणि चहूबाजूंनी शेव्हेनिंगेन गावचा समुद्र. थक्क व्हायला होतं, पण मनात काही हलत नाही.

कोराकागद: अहो पण पॅनोरामात कड दिसूच नये यासाठी सगळा खटाटोप असतो! व्हॅन गॉगच्या चित्रात कड दिसते, वाटा तिला जाऊन भिडतात, सगळा ताण तिथेच आहे.

गेरूमाती: मग ‘झाडांची मुळं’ घ्या, बहुतेक व्हॅन गॉगचं शेवटचं चित्र. माप हेच पण आभाळ नाही, क्षितिज नाही, वाट तर नाहीच, नुसती निळी-पिवळी मुळं आणि खोडं एकमेकांत गुंतलेली. तिथे कुठली वाट कडेला भिडते?

कोराकागद: वाट नाही, पण मुळं चारी कडांवर कापली गेलीत आणि नजर कुठेच ठरत नाही, टोकापासून टोकापर्यंत फिरतच राहते, मी हेच म्हणतोय. शिवाय पियानोवर बसलेल्या, त्याचे डॉक्टर गाशे यांच्या मुलीचं चित्र त्याने हेच माप उभं धरून काढलं आणि भाऊ थिओला पत्रात कळवलं की हे उभं चित्र गव्हाच्या आडव्या चित्राशेजारी छान दिसतं. म्हणजे मापाचा विचार त्याच्या डोक्यात पक्का होता.

गेरूमाती: ते पत्र पुढे वाचा की. त्यात लगेच रंगच येतात, एक गुलाबी, दुसरं फिकट हिरवं आणि हिरवट पिवळं, आणि दोन्ही एकमेकांना उठाव देतात. मी अजूनही रंगाच्याच बाजूने.