तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारा : हे अँटिबायोटिक अजून का चालू आहे?

खाडीपलीकडचा

कोकणातल्या प्रत्येक रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा दहा खाटांचं खाजगी, आपण महिन्याला किती अँटिबायोटिक वापरतो याचा हिशोब ठेवावा. आणि ॲडमिट पेशंटचं अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी आपोआप बंद व्हावं. पुढे चालवायचं तर डॉक्टरांनी केस पेपरवर कारण लिहून सही करावी. गरज नसताना अँटिबायोटिक चालू राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून हे सक्तीचं करा, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

मी डॉक्टर नाही, एका रुग्णालयाच्या औषध भांडारात नोकरीला आहे. कुठल्या वॉर्डात काय जातं ते माझ्या हातून जातं. सिझेरियनचंच घ्या. चिरा देण्याआधी सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा एक डोस पुरतो. ऑपरेशन झाल्यावर अँटिबायोटिक लांबवत बसू नका, असं जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून सांगतेय. प्रत्यक्षात सेफ्ट्रिॲक्झोन सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, जोडीला मेट्रोनिडाझोल, वर घरी जाताना सेफिक्झिमच्या गोळ्या. कारण काय, तर टाके पिकू नयेत. खरं तर टाके पिकले तर नातेवाईक काय करतील, ही धास्ती मोठी.

हिशोब अवघड नाही. एका पेशंटला दोन औषधं पाच दिवस दिली की दहा औषध-दिवस. महिन्याचे असे सगळे दिवस मोजायचे, महिन्यातल्या एकूण रुग्ण-दिवसांनी (सगळे पेशंट मिळून किती दिवस ॲडमिट होते) भागायचे, हजाराने गुणायचे. वहीत होतं. जोडीला गट पाडायचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये तीन गट केले: ॲक्सेस (नेहमी आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची). अमॉक्सिसिलिन, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) पहिल्यात. सेफ्ट्रिॲक्झोन, ॲझिथ्रोमायसिन, मेरोपेनेम दुसऱ्यात. कोलिस्टिन, लिनेझोलिड तिसऱ्यात. 2030 पर्यंत जगातला 70 टक्के वापर पहिल्या गटातला व्हावा, असं 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं. आपल्या तालुक्यात तो किती? सांगा कोणीतरी.

दहा खाटांचा डॉक्टर

भांडारात बसून हे लिहिणं सोपं आहे. भातलावणीच्या दिवसांत माझ्याकडे या. चार दिवसांचा ताप, डोळे लालभडक, पोटऱ्या नुसत्या दाबल्या तरी माणूस कळवळतो, लघवी कमी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) आयजीएम ही रक्ताची टेस्ट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) हाही डोक्यात ठेवावा लागतो. मी सेफ्ट्रिॲक्झोन आणि डॉक्सी दोन्ही चालू करतो आणि करणारच. ब्लड कल्चर म्हणाल तर बाटली कोल्हापूरला पाठवा, जंतू वाढायला दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत पेशंट एक तर बरा होऊन घरी किंवा गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला रेफर.

आता ते 'आपोआप बंद'. रविवारी मी बाहेर आहे, आणि सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटचं मेरोपेनेम सिस्टरने नियमाप्रमाणे थांबवलं. पेशंट दगावला, तर तुमची वही घेऊन कोर्टात कोण उभं राहणार?

राहिली आकडेवारी. कुठले जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाहीत, याचे आयसीएमआरचे (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) अहवाल मीही वाचतो. त्यातले नमुने बहुतेक मोठ्या रुग्णालयांतले, त्यांतही आयसीयूतले बरेच. ते माझ्या दहा खाटांना कसे लावू? कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं याचा स्वतःचा तक्ता काढायचा तर एका जंतूची निदान तीस कल्चरं हवीत. माझ्याकडे वर्षाकाठी तेवढी होत नाहीत.

खाडीपलीकडचा

डॉक्टरसाहेब, लेप्टोत थांबा असं मी कुठे म्हटलंय? संशय आला की पहिल्या तासातच द्या, दोन्ही द्या. प्रश्न तिसऱ्या दिवसाचा आहे. ताप उतरला, लघवी सुटली, क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) खाली येतंय, पेशंट पेज पितोय. मग शिरेतलं इंजेक्शन काढून डॉक्सीची गोळी का नाही?

रविवारचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. औषध बंद होऊ नये, नावापुढे लाल शेरा यावा आणि डॉक्टरांना फोन जावा, असं करू. तीस कल्चरांचं म्हणाल तर एका नर्सिंग होमचा तक्ता काढायचाच कशाला? जिल्ह्याचा काढा. केरळने 2018 मध्ये राज्याचा स्वतंत्र आराखडा केला आणि कुठल्या जंतूवर काय चालतं याचा राज्याचा तक्ता ते प्रसिद्ध करतात. आता सिंधुदुर्गात ओरोसला आणि रत्नागिरीलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

औषधवाला_कणकवली

सक्ती या शब्दाचं मला हसू येतं. शेड्यूल एच-वन, म्हणजे ठराविक औषधं चिठ्ठीवरच विकून नोंद ठेवायचा नियम, 1 मार्च 2014 पासून लागू आहे. सेफिक्झिम विकलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग सगळं रजिस्टरात लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कितीजण गिऱ्हाईक समोर असताना लिहितात? महिनाअखेरीस पेन बदलून बदलून एका बैठकीत पानं भरतात. तुमच्या वॉर्डातली वहीसुद्धा तशीच भरली जाईल. तपासणीला साहेब येणार, चहा घेणार, सही मारणार.

शिवाय रुग्णालयालाच का झोडता? माझ्या काउंटरवर माणूस रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा घेऊन येतो, 'यातल्या चार द्या' म्हणतो. मी नाही म्हटलं तर पलीकडच्या दुकानात जातो. केरळने जानेवारी 2024 मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर धाडी सुरू केल्या. तसं इथे झालं तर माझा पाठिंबा आहे, पण मग सगळ्या दुकानांवर.

दोडामार्गचो

माका एक सांगा, ह्या सगळ्यात आमचो दोष काय कमी आसा? आमच्याकडे 2016 पासून माकडताप. व्हायरस तो, अँटिबायोटिकान काय होवचा नाय. तरी ताप इलो की लोक सुई मागतत. नुसती तापाची गोळी देणारो डॉक्टर 'काय कामाचो नाय', आणि सलाईन लावणारो हुशार. तुमी वही ठेवा नायतर पोथी ठेवा, आमका सुई होया!

कोळंबीवाला

अवांतर वाटेल, पण लिहितो. कोळंबी संवर्धनात क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर बंदी आहे. युरोपात जाणारा माल तळ्यातून काढण्याआधी नमुना तपासणीला द्यावा लागतो, अंश सापडला तर माल घेत नाहीत. म्हणजे युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या ताटातल्या कोळंबीत अँटिबायोटिक किती, हे आम्ही मोजतो. कोळंबी पोसणारा माणूस ॲडमिट झाला की त्याच्यात किती गेलं, हे कोणी मोजत नाही. खाडीपलीकडच्यांना माझं अनुमोदन.

दहा खाटांचा डॉक्टर

कोळंबी पोलिसात तक्रार करत नाही. कोळंबीचे भाऊबंद रुग्णालयाच्या काचा फोडत नाहीत.

वॉर्ड नंबर तीन

मी स्टाफ नर्स. इतका वेळ नुसती वाचत होते, पण सगळे वहीवरून भांडताय म्हणून लिहिते. वही आहे हो. ट्रीटमेंट चार्टवर प्रत्येक अँटिबायोटिकच्या नावापुढे आम्ही दिवसाचा आकडा घालतोच. दिवस 1, दिवस 2, दिवस 6. सकाळी राऊंडला डॉक्टर येतात, चार्ट उलटतात, 'कंटिन्यू' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. सहावा दिवस सगळ्यांना दिसतो. मागे एकदा मी विचारलं, 'सर, हे अजून ठेवायचं?' उत्तर आलं, 'सिस्टर, प्रॅक्टिस कधी सुरू केलीत?' सगळे हसले. त्यानंतर आमच्या वॉर्डात कोणी विचारत नाही.

तेव्हा आणखी एक रजिस्टर आमच्या गळ्यात घालू नका. रात्री तीस खाटांना मी एकटी असते. शिरेतलं एक इंजेक्शन कमी झालं तर माझं पातळ करणं, देणं, सुई सुजली की दुसरी शीर शोधणं, सगळंच वाचतं. आम्हाला थांबवायचंच आहे. फक्त आमच्या तोंडून तो प्रश्न आला तर तो उद्धटपणा ठरतो.

खाडीपलीकडचा

सिस्टर, हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे मोजणं अर्धं झालेलंच आहे, विचारायचा अधिकार कोणाला ते ठरलेलं नाही. हे काम मेडिकल कॉलेजातल्या फिजिशियन आणि मायक्रोबायॉलॉजिस्टकडे दिलं तर? आठवड्यातून दोनदा फोन. सिस्टरने चार्टवरचे तिसऱ्या दिवसापुढचे पेशंट वाचून दाखवायचे, आणि प्रश्न पलीकडून यायचा.

दहा खाटांचा डॉक्टर

हे रजिस्टरपेक्षा बरं आहे. ज्याने स्वतः पेशंट हाताळलेत अशा माणसाने फोन केला तर मी उचलेन. भरारी पथक पाठवलंत तर नाही. आणि सल्ला देणाऱ्याने नाव-तारीख लिहून सल्ला द्यायचा. जबाबदारी एकट्याने घ्यायला मी बसलेलो नाही.

लेप्टो, सेप्सिस यांना सुरुवातीला हात लावू नका. हर्निया, सिझेरियनपासून सुरू करा. एका डोसवर मी अजूनही साशंक आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकरचं पाणी असतं, आणि ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) कधी तपासलाय असं विचारलं तर निम्मे लोक गप्प बसतील. आधी तिथे पैसे घाला. चोवीस तासांत बंद करायला मात्र मी तयार आहे. पाच दिवसांचं समर्थन मला करता येणार नाही.

औषधवाला_कणकवली

आणि घरी जातानाच्या गोळ्या?

दहा खाटांचा डॉक्टर

त्याही. पण नातेवाईक 'गोळ्या का नाही दिल्या' म्हणून भांडायला आले की तुमच्या दुकानात पाठवणार.

खाडीपलीकडचा

चला, हर्निया-सिझेरियन आणि चोवीस तास, एवढ्यावर तरी जमतंय. सिस्टर, तुमच्या चार्टचा कोरा नमुना इथे टाकता येईल का? त्यातच लाल शेऱ्याचा रकाना बसवून बघतो.

वॉर्ड नंबर तीन

टाकते, पण सोमवारनंतर. सध्या नाईट चालू आहे. आणि रकाना मोठा ठेवा, डॉक्टरांची अक्षरं मावत नाहीत.