फरक दिसला की आधी टेकू बघा
वर विचारलंय की, लेझर स्कॅन (लेझरने मोजलेला नौकेचा आकार) कॅड मॉडेलवर, म्हणजे संगणकावरच्या मूळ आराखड्यावर, बसवल्यावर नौकेच्या हलमध्ये (बाहेरच्या कवचात) मधल्या भागात फरक दिसतो, म्हणजे साचाच चुकला का? इतक्यात साच्याला दोष देऊ नका. स्कॅन करताना नौका कशावर टेकवली होती? पाण्यात तिला खालून सगळीकडे आधार मिळतो. जमिनीवर तोच भार मोजक्या टेकूंवर येतो आणि फायबरग्लासचं पातळ कवच तिथे आत दबतं. कलर मॅपमध्ये (फरक रंगांनी दाखवणाऱ्या चित्रात) नेमके टेकूंच्या जागी डाग उमटले असतील, तर उत्तर तिथेच आहे.

आणि कृपा करून नुसत्या 'बेस्ट फिट'वर, म्हणजे स्कॅन मॉडेलवर सरासरी सगळ्यात जवळ बसवणाऱ्या जुळणीवर, विसंबू नका. तो चूक थोडी थोडी सगळीकडे वाटून टाकतो आणि खरी वाकडी जागा झाकली जाते. मी डावी बाजू मध्यरेषेवर आरशासारखी उलटवून उजवीवर ठेवते. दोन्हींतला फरक लगेच डोळ्यांत भरतो.

तापमानही लिहून ठेवा. १० मीटर लांबीची पोलादी नौका २० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे २.४ मिलिमीटरने वाढते. उन्हात एकच बाजू तापली तर ती वाकतेही.

चकचकीत जेलकोटवर (फायबरग्लासच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) स्कॅनचे बिंदू विस्कटत असतील तर स्कॅनिंगसाठीच्या मॅट स्प्रेचा पातळ हात मारा.